शंकरपट : बक्षीस सेकंदाला की बैलाला?

आजचा विषय शंकरपट. मार्कंडा, चामोर्शी, ब्रह्मपुरी, आपल्या झाडीपट्टीत हा समजावून सांगायची गरजच नाही. दिवसा पट, रात्री नाटक! पुण्या-मुंबईवाल्यांसाठी थोडक्यात : एक बैलजोडी, हलका छकडा, वर धुरकरी, आणि ठरलेलं अंतर कमीत कमी सेकंदांत.

मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ ला राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ ला कोर्टाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. अटी काय? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची डॉक्टरी तपासणी, आणि काठी, चाबूक, तुतारी सगळं बंद. म्हणजे आजचा पट या अटींवर उभा आहे. त्या मोडल्या तर बंदीची मागणी पुन्हा होणारच.

आता बक्षीस बघा. सांगलीकडं तर २०२३ मध्ये शर्यतीला थार गाडी लागली होती! मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडं एक गोष्ट पक्की माहीत असते : ज्या आकड्यावर बोनस, त्याच आकड्यामागे सगळे धावतात. पटात तो आकडा सेकंद आहे. मग शेवटच्या टप्प्यात शेपटी पिरगाळायचा मोह कुणाला होणार नाही?

घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, म्हणजे एन्ड्युरन्समध्ये, यावर एक उपाय आहे. तिथं रेषा ओलांडली म्हणजे जिंकलात असं नाही. ठरलेल्या वेळेत घोड्याचे ठोके मर्यादेत यावे लागतात, साधारण मिनिटाला ६४. तो लंगडत असेल तर बाद. पहिला आलेला सुद्धा! अमेरिकेतली टेव्हिस कप ही एका दिवसात १६० किलोमीटरची शर्यत. तिथं रोख बक्षीस नाही, पूर्ण करणाऱ्याला चांदीचं बक्कल मिळतं. शिवाय पहिल्या दहांत ज्याचा घोडा सगळ्यात ठणठणीत, त्याला वेगळा कप.

पण नुसत्या नियमांनी भागत नाही, बरं का. नियम असूनही संयुक्त अरब अमिरातीत घोड्यांचे इतके हाल झाले की २०१५ मध्ये जागतिक संघटनेने त्यांच्या फेडरेशनला निलंबित केलं. वेगाला मान आणि पैसा मिळत राहिला की नियम वाकतात.

पट काही सेकंदांचा, एन्ड्युरन्स दिवसभराची. त्यामुळे ठोक्यांचा आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही, आपला आकडा पशुवैद्यकांनी ठरवावा. पण तीन गोष्टी आयोजक या हंगामातच करू शकतात. एक, तपासणी धावण्याआधी होते तशी धावल्यावरही करा. टोचल्याची जखम, दुखावलेली शेपटी, लंगडणं दिसलं तर वेळ रद्द. दोन, पहिल्या नंबरची रक्कम थोडी कमी करून खालच्या जोड्यांत वाटा. तीन, सगळ्यात तंदुरुस्त जोडीला मोठं बक्षीस द्या आणि ते माईकवरून जाहीर करा.

जिंकलेली जोडी दुसऱ्या दिवशी दाव्याला उभी राहून नीट चारा खाते का, पटाचा खरा निकाल तिथं लागतो. तुमच्या गावच्या पटात धावल्यावर बैल कोण तपासतं? व्हॉइस मेसेज करून सांगा. भेटू पुढच्या भागात!