चुनाभट्टीचा हिशेब

भट्टींत शंभर टन चुनखडी घातली आणि कळीचा चुना निघाला छप्पन्न टन, तर मालकाचा संशय प्रथम भट्टीवाल्यावर जातो. परंतु त्या गरिबावर आळ घेण्यापूर्वीं रसायनशास्त्राची साक्ष काढावी.

चुनखडीच्या सूत्रांत कॅल्शियमचा एक अणु, भार ४०, कार्बनचा एक, भार १२, प्राणवायूचे तीन, भार ४८, एकूण १००. ती भाजली कीं चुना ५६ भाग व कार्बन डायॉक्साइड वायु ४४ भाग होतो. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. म्हणजे ४४ टन चोरीस गेले नाहींत; हवेंत गेले.

मात्र शंभरांत दहा भाग माती असेल, तर खरा चुना ५०.४ टनच पदरांत पडेल. तेव्हां आधीं दगड पारखावा, मग माणूस. पदार्थाचें रूप पालटतें, वजन हरवत नाहीं, हें लव्हाझिएनें १७८९ सालींच सांगून ठेवलें आहे.