शिकारी कुत्रीची पिल्ले



आज आपण कुत्रीच्या बाळंतपणाविषयी बोलू. हसू नका. गाय व्यायला झाली की आपण रात्रभर जागतो. कुत्री व्याली, तर सकाळी पिल्ले मोजतो आणि कामाला जातो. आठ दिवसांनी पुन्हा मोजावी, तर निम्मीच उरलेली असतात. मग म्हणतो, "त्यांचं नशीब!" नशीब कसले? थोडी काळजी घेतली असती, तर त्यातली कितीतरी जगली असती.

आपल्या कर्जत-खालापूरकडे ठाकर आणि कातकरी मंडळींबरोबर कुत्रे पूर्वी रानात शिकारीला जात. १९७२ साली रानातल्या जनावरांच्या रक्षणाचा कायदा झाला. आता सशामागे, भेकरामागे कुत्रे घालणे हा गुन्हा आहे. पण त्या कुत्र्याचे तिखट नाक आणि सावध कान वाया गेले नाहीत. भाताच्या खळ्यावर, वालाच्या शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी राखण तोच करतो. चांगला राखणदार हवा, तर त्याची काळजी जन्मल्या दिवसापासून घ्यावी लागते.

कुत्री सुमारे दोन महिने गाभण असते. दिवस भरत आले की तिला आडोशाची, कोरडी जागा द्या. आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. ओल वर येते, म्हणून खाली फळी टाका. फळीवर पेंढा आणि पेंढ्यावर जुने गोणपाट घाला. ओले झाले की लागलीच बदला. चुलीचा धूर तिथे येऊ देऊ नका.

पिल्लू जन्मते ते आंधळे आणि बहिरे. शिवाय पहिले दोन आठवडे त्याला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. भुकेआधी त्याला थंडी मारते, हे ध्यानात ठेवा. आई बाहेर गेली असेल, तर बाटलीत गरम पाणी भरा, ती फडक्यात गुंडाळा आणि एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी सोडा. फार गरम झाले, तर पिल्लाला सरकता आले पाहिजे.

पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लाच्या पोटात आईचा चीक गेलाच पाहिजे. रोगाशी झुंजायचे बळ त्यातून मिळते. दांडगी पिल्ले पुढे घुसतात, अशक्त मागे राहते. त्या अशक्ताला उचलून आचळाला लावा.

कुणी विचारील, "आईच मेली तर?" तर गाईचे किंवा शेळीचे दूध कोमट करून पाजा. त्यात पाणी घालू नका. कुत्रीचे दूध गाईच्या दुधाहून दाट असते. दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्या, रात्रीसुद्धा. पिल्लाला उताणे धरून पाजू नका, दूध छातीत जाते आणि पिल्लू दगावते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग दूध. पाजल्यावर ओल्या कोमट फडक्याने त्याच्या शेपटीखाली आणि पोटाखाली हळूच पुसा. आई तिथे चाटते, तेव्हाच त्याला शी-शू होते.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. बोटांनी उघडायला जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधात कुस्करलेली मऊ भाकरी किंवा भात द्यायला लागा.

आईलाही विसरू नका. पिल्ले पिती असताना तिला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त अन्न लागते आणि पाणी सदा जवळ लागते. ती थरथरू लागली, पाय ताठ झाले, तर भूतबाधा समजू नका. दुधावाटे अंगातले कॅल्शियम कमी झालेले असते. पिल्ले बाजूला करा आणि तिला त्याच घटकेला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

दोन आठवड्यांनी जंताचे औषध सुरू करावे. डॉक्टर वजन बघून ते देतात. पिल्लांचे जंत अंगणात खेळणाऱ्या मुलांनाही बाधतात. घाण रोज उचलून पुरा.

दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. आई-भावंडांत राहूनच ते चावा आवरायला शिकते. आणि मादी नको म्हणून ती रस्त्यावर सोडू नका. ती रस्त्यावर व्याते, आणि त्या पिल्लांना लस कोण टोचणार? त्यापेक्षा ती पाळा आणि वाढल्यावर तिची नसबंदी करून घ्या.

आता शेवटची गोष्ट, आणि ती जिवाची आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्या. पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा टोचत जा. पिसाळलेला कुत्रा चावला आणि माणसाला रोगाची लक्षणे दिसू लागली, की मग माणूस बहुधा वाचत नाही. कुत्रा चावला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि डॉक्टर सांगतील तितकी सगळी इंजेक्शने घ्या. मधेच सोडू नका. शेजारच्या गोव्यात हजारो कुत्र्यांना लस टोचली गेली आणि २०२१ साली तिथल्या सरकारने हा रोग ताब्यात आल्याचे जाहीर केले. गोव्यात झाले, ते आपल्या तालुक्यात का होणार नाही?

तर मंडळी, ज्याच्या घरी कुत्री गाभण आहे त्याने आजच कोरडी जागा बघावी. ज्याच्या घरी पिल्ले आहेत त्याने त्यांचे वय मोजावे आणि लसीचा दिवस भिंतीवर लिहून ठेवावा. आता आपल्याला लिहिता येते ना?