बावीस माणसे, तीन टेबले

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात 'अनुभवाचे बोल' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



दरवर्षी या व्यासपीठावर कोणी अध्यात्मावर बोलतो, कोणी आरोग्यावर. मी रेल्वेतला माणूस. रुळाच्या जोडाबद्दल विचाराल तर तासभर बोलेन, पण सचिवसाहेबांनी मला वेगळाच विषय दिला. आपल्या कॉलनीतील चार-पाच कुटुंबे मिळून जहाजाच्या सहलीला जायचे ठरवत आहेत आणि आम्ही 2019 साली घरची बावीस माणसे घेऊन असे जाऊन आलो हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हा त्यावर बोला, असा आदेश झाला. खोल्या, व्हिसा, पासपोर्ट, रेल्वेवाल्यांची एनओसी हे सर्व एजंट आणि ऑफिसातील डीलिंग क्लार्क तुम्हाला सांगतीलच. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. रात्रीच्या जेवणाला सर्वांनी एकत्र कसे बसायचे?

तुम्ही म्हणाल, यात काय आहे? महाप्रसादाला आपण काही शे माणसे बसवतो. पण तिथे सतरंज्या आपल्या, वाढपी आपले, आणि 'जरा सरका' म्हटले की माणूस सरकतो. जहाजावर टेबल जमिनीला धरून असते, त्याला क्रमांक असतो आणि तो क्रमांक कोणाच्या तरी नावावर आधीच पडलेला असतो.

मोठ्या जहाजावर दोन-तीन हजार प्रवासी असतात. मुख्य जेवणघरात ते सगळे एकदम मावत नाहीत. म्हणून जुनी पद्धत दोन पंगतींची आहे. पहिली संध्याकाळी पावणेसहा-सहाच्या सुमारास, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. एकदा पंगत आणि टेबल ठरले की सहल संपेपर्यंत तेच टेबल, तेच शेजारी आणि तोच वेटर. आपल्याला हे नवे नाही. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये जुन्या रेकला 32 जणांची सोय होती, जून 2022 मध्ये नवा एलएचबी रेक आला तेव्हा ती 40 झाली. गाडीत माणसे किती आणि खुर्च्या किती, हा हिशेब जहाजावरही तोच. दुसरी पद्धत मोकळी. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली 'फ्रीस्टाइल' या नावाने ती आणली आणि मग इतरांनीही आपापल्या नावाने घेतली. वाटेल तेव्हा जा, जागा मिळेल तिथे बसा. नवरा-बायको दोघेच असतील तर ही पद्धत उत्तम. बावीस माणसांना मात्र ती म्हणजे आरएसीचे तिकीट. आत जाल, पण सगळे एका ठिकाणी बसाल याची हमी नाही. वरच्या डेकवर बुफे असतो, तिथे तर आपल्या लोकांनी रुमाल टाकून जागा धरलेल्या मी पाहिल्या आहेत. मोठ्या गटाने ठरलेली पंगतच मागून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आमच्या सहलीबद्दल. माझ्या आत्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. आतेभाऊ सिंगापूरला नोकरीला. त्याने ठरवले की आईची पंचाहत्तरी जहाजावर करायची. सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत, चार रात्री, मे महिन्यातली मुलांची सुट्टी. बावीस माणसांत सहा ज्येष्ठ, सात मुले आणि मधली आम्ही नऊ जण. वरून पाहता आनंदाचा प्रसंग, पण आमच्या घरात एक जुनी गाठ होती. माझे थोरले काका, अण्णाकाका, आणि धाकटे बापूकाका हे साताऱ्याच्या घराच्या वाटणीवरून 2008 सालापासून एका पंगतीला बसत नव्हते. लग्नकार्याला दोघे येत, पण एक पहिल्या पंगतीला जेवला की दुसरा तिसऱ्या पंगतीला. मधल्या पंगतीत आम्ही. आत्या ही दोघांची थोरली बहीण. तिने मुलाला एवढेच सांगितले होते, "मला साडी नको, दागिना नको. चार दिवस माझे दोघे भाऊ माझ्याबरोबर जेवले पाहिजेत."

आतेभावाने हे काम माझ्याकडे दिले. का, तर म्हणे तू टाइमटेबल आणि ब्लॉक यांच्या जगातला माणूस.

पहिले काम बुकिंगचे. आमच्या नऊ खोल्या तीन ठिकाणांहून घेतल्या होत्या. काही सिंगापुरात, काही पुण्याच्या एजंटाकडे, काही नागपूरच्या. जहाज कंपनीच्या लेखी प्रत्येक बुकिंग हा वेगळा पीएनआर. बावीस जण एका घरचे आहेत हे त्यांना स्वप्नात दिसत नाही. ते सर्व क्रमांक एकमेकांना जोडून घ्यावे लागतात आणि हे काम शेवटचे पैसे भरण्यापूर्वी, लेखी मागूनच करायचे. मी तिन्ही एजंटांना एकच मजकूर पाठवला. त्यात सगळे बुकिंग क्रमांक, कोणती पंगत, शेजारशेजारची तीन टेबले आणि जेवणाचे प्रकार. दोघांची उत्तरे आली. तिसरा म्हणाला, झाले आहे, काळजी नको. 'काळजी नको' म्हणणाऱ्याची काळजी जास्त करावी, हे इथे बसलेल्या कोणाही सुपरवायझरला मी सांगायला नको.

पंगत कोणती घ्यायची, यावर घरात वाद झाला. सगळे म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना लवकरची घ्या. कागदावर ते बरोबर दिसते. पण सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले पावणेसहा म्हणजे आपले सव्वातीन. माझ्या आईला मधुमेह. सव्वातीनला ती दुपारचे जेवण जिरवत असते, चहादेखील झालेला नसतो. तिथले सव्वाआठ म्हणजे आपले पावणेसहा, हेही लवकरच, पण पोटाला पटण्यासारखे. चार दिवसांत शरीराचे घड्याळ पूर्ण बदलत नाही. म्हणून उशिराची पंगत घेतली आणि औषधाच्या वेळा निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून लिहून घेतल्या. मुले झोपतील ही भीतीही खोटी ठरली, त्यांना अकरापर्यंत झोपच येत नव्हती. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाल तर हा प्रश्न नाही. 2021 च्या सप्टेंबरात आपल्या आयआरसीटीसीने कॉर्डेलिया क्रूझेसबरोबर मुंबईहून अशा सहली सुरू केल्या. तशा सहलीत घड्याळ आपलेच राहते. तिथे ज्येष्ठांना लवकरची वेळ मागायला हरकत नाही.

आता टेबले. लांबलचक एकच टेबल मागू नका. बारा माणसांच्या लांब टेबलावर तुम्ही फक्त उजव्या, डाव्या आणि समोरच्या माणसाशी बोलता. टोकाचा माणूस परगावीच असतो. आठ जणांचे गोल टेबल सर्वांत चांगले. आम्ही आठ, आठ आणि सहा अशी तीन मागितली.

कोण कुठे बसणार, हा खरा प्रश्न. सोपा उपाय सर्वांनी सुचवला. अण्णाकाकांचे कुटुंब एका टेबलावर, बापूकाकांचे दुसऱ्यावर, आत्या मधल्या टेबलावर. भांडण नाही, तंटा नाही. पण मग आत्याचे मागणे कुठे पूर्ण झाले? आणि चार रात्री दोन घरे पाठीला पाठ लावून बसली असती, ते सर्व जहाजाने पाहिले असते. मी घरांप्रमाणे न बसवता वयाप्रमाणे बसवले. सात मुलांचे एक टेबल, त्यांच्यावर लक्ष ठेवायला बापूकाकांची धाकटी मुलगी. सहा ज्येष्ठांचे एक, त्यांच्या मदतीला मी आणि आतेभावाची बायको. उरलेल्या सहा जणांचे तिसरे, म्हणजे अण्णाकाकांचा मुलगा-सून आणि बापूकाकांची मुलगी-जावई एकाच टेबलावर. उद्या ते घर यांच्याच गळ्यात येणार होते, त्यांनी एकमेकांना ओळखलेले बरे.

डिप्लोमाला ड्रॉइंग शिकलो त्याचा असाही उपयोग. ग्राफ पेपरवर तीन वर्तुळे काढली. ज्येष्ठांच्या टेबलावर आत्या मध्ये, तिच्या उजवीकडे अण्णाकाका, डावीकडे बापूकाका. समोरासमोर नाही. समोर बसले की नजर चुकवावी लागते, आणि नजर चुकवणे दोघांनाही अपमानाचे वाटते. शेजारच्या शेजारी बसले की दोघेही बहिणीकडे पाहतात. शिवाय बापूकाकांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. आत्या त्यांच्या उजव्या बाजूला आली पाहिजे, हेही त्यात साधले.

आई म्हणाली, "कशाला विस्तवाशी खेळतोस?" मी तो नकाशा कोणावर अचानक टाकला नाही. निघण्यापूर्वी तीन आठवडे दोन्ही काकांना वेगवेगळे फोन केले. "काका, आत्याच्या शेजारी तुमची खुर्ची ठेवतो आहे. तिच्या दुसऱ्या बाजूला कोण असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. चालेल ना?" अण्णाकाका काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ताईसाठी बसेन." बापूकाकांनी विचारले, "तो हो म्हणाला का?" मी म्हणालो, हो. "मग मी नाही कशाला म्हणू?"

जहाजावर चढलो त्या दिवशी प्रत्येकाच्या खोलीच्या कार्डावर टेबल क्रमांक छापलेला होता. दोन टेबले शेजारी. तिसरे, ज्येष्ठांचे, वरच्या मजल्यावर! 'काळजी नको' म्हणणाऱ्या महाशयांनी त्यांचे क्रमांक जोडलेच नव्हते. अशा वेळी तक्रारीच्या काउंटरपुढे रांग लावू नका. जेवणघराचा एक मुख्य असतो, त्याला मेत्र डी म्हणतात. पहिल्या दुपारी तो टेबलांच्या बदलासाठी ठरलेल्या वेळी भेटतो. बाकीचे लोक वर बुफेवर तुटून पडलेले असतात तेव्हाच त्याला गाठायचे. मी दोन वाजता माझा ग्राफ पेपर आणि एजंटांशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत घेऊन गेलो. आवाज चढवला नाही. आत्याचे वय आणि प्रसंग सांगितला. त्याने कागद पाहिला, हसला, आणि वीस मिनिटांत खालचे एक टेबल अदलाबदल करून दिले. संध्याकाळी उशीर झाला असता तर तेही शक्य नव्हते, कारण एकदा लोक बसले की कोणी उठत नाही.

जेवणाच्या प्रकाराबद्दल थोडेसे. नुसते 'व्हेजिटेरियन' लिहिलेत तर उकडलेल्या भाज्या आणि पास्ता येईल. 'इंडियन व्हेज' असे लिहा, जैन असेल तर तसे, आणि अंडे चालते की नाही तेही. रोज रात्री हेड वेटरला उद्याचे सांगून ठेवले की स्वयंपाकघर तयारी करते. आम्हाला दुसऱ्या दिवसापासून वरण-भातासारखे काहीतरी मिळू लागले. आत्याने त्याला वरण म्हणायला नकार दिला, पण जेवली.

पहिल्या रात्री दोन्ही काका बहिणीशी बोलले, एकमेकांशी नाही. दुसऱ्या रात्री जरा नटून जायचे होते, आत्या नऊवारी नेसून आली आणि शेजारच्या टेबलांवरचे परदेशी लोक फोटो काढायला आले. त्या फोटोसाठी दोघांना तिच्या खुर्चीमागे उभे राहावे लागले. तिसऱ्या रात्री वेटर बापूकाकांच्या डाव्या बाजूला उभा राहून काहीतरी विचारत होता आणि त्यांना ऐकूच येत नव्हते. अण्णाकाका पलीकडून म्हणाले, "त्याला मशरूम देऊ नका. लहानपणापासून सोसत नाही." आत्या ताटात पाहत राहिली. बापूकाका वळून म्हणाले, "अजून आठवते का?" एवढेच. गळामिठी वगैरे काही झाले नाही. चौथ्या रात्री मात्र दोघे साताऱ्याच्या शाळेतल्या एका मास्तरांची नक्कल करत होते आणि मुलांच्या टेबलावरची मुले उठून ऐकायला आली होती. आमच्या तिन्ही टेबलांचा वेटर एकच होता, तो बिचारा गोड पदार्थ हातात घेऊन थांबला होता.

घराचा कागद त्यानंतरही लगेच सुटला नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने अण्णाकाका गेले. आम्हाला कोणालाच जाता आले नाही. बापूकाकांनी त्या आठवड्यात मला फोन केला आणि जहाजावरचा तो तिघा भावंडांचा फोटो मागितला. पुढच्या वर्षी वाटणीच्या कागदांवर सह्या झाल्या. त्या करायला अण्णाकाकांचा मुलगा आणि बापूकाकांची मुलगी एकाच गाडीने साताऱ्याला गेले.

आपल्या कॉलनीतून जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी राहिल्या. पाच कुटुंबे असाल तर बुकिंग शक्यतो एकाच ठिकाणी करा. बऱ्याच कंपन्या आठ खोल्या झाल्या की गट मानतात आणि मग टेबले जोडून मिळणे सोपे जाते. एका रात्री कोणाला वेगळे जेवायचे असेल तर वेटरला आदल्या दिवशी सांगा, नाहीतर ती खुर्ची रिकामी धरून तो बाकीच्यांचे वाढणे थांबवतो. शेवटच्या रात्री सामान खोलीबाहेर ठेवायचे असते, औषधांची पिशवी त्यात जाऊ देऊ नका. बक्षिसी बहुधा बिलात लावलेलीच असते, पण आमच्या वेटरला मुलांनी सह्या केलेले मेनूकार्ड दिले तेव्हा त्याने ते खिशात ठेवले.

ग्राफ पेपर माझ्याकडे आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी आरतीनंतर भेटावे. खुर्च्यांवरची नावे तेवढी तुमची तुम्हाला घालावी लागतील.

गणपती बाप्पा मोरया!