मोटारीची मालकी आणि मोटारीची ओळख



वसंतातल्या ह्या व्याख्यानांत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय. त्यांच्या पंक्तीत आम्ही आज मोटार आणून उभी करीत आहो. परंतु मंडपाबाहेर रस्त्याच्या दुतर्फा लागलेल्या गाड्या पाहिल्या म्हणजे हा विषय आपणांस परका नाही, अशी खात्री पटते. एके काळी मोटार ही डॉक्टर, वकील आणि संस्थानिक ह्यांच्या दाराशी शोभे. १९८३ साली डिसेंबर महिन्यात मारुती ८०० पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढे पाहता पाहता मोटार मध्यम वर्गाच्या घरची झाली. घराखालोखाल मोठी खरेदी पुष्कळांच्या बाबतीत हीच. तरीही भिंतीला ओल कोठून येते ह्याचा माग काढणारा गृहस्थ मोटारीचे बॉनेट उघडावयास धजत नाही. आमचे आजचे म्हणणे एवढेच की, पैसे मोजून मोटारीची अर्धी मालकी मिळते; उरलेली अर्धी तिची ओळख करून घेतल्याने मिळते. आणि ही दुसरी अर्धी आज आपल्या हातून निसटत चालली आहे.

पूर्वी ही ओळख आपोआप होत असे, कारण गाडीच ती करून घेण्यास भाग पाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचेच नाव बदललेले रूप, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, बाहेर पडली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लागून गिअर, आणि गारठ्यात चोक ओढल्यावाचून सुरू न होण्याचा हट्ट! प्लग काढून पुसणे, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट कानशीने घासणे, कार्बोरेटरच्या जेटमधला कचरा फुंकून काढणे ही कामे मालकालाही येत. आणि न आली तर नाक्यावरचा मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ह्या गाडीने पिढ्यान्‌पिढ्या पोटे भरली. टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून उतरली, तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली.

हळहळ योग्यच, परंतु जुने ते सारे सोने म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. कार्बोरेटर गेला तो सबळ कारणाने गेला. त्याची युक्ती साधी होती. हवा अरुंद गळ्यातून वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि त्या ओढीने पेट्रोल जेटमधून वर येऊन हवेत मिसळते. पण हे मिश्रण थंडीत निराळे, घाटात निराळे, गर्दीत निराळे. पेट्रोलच्या एका भागास वजनाने पावणेपंधरा भागांच्या आसपास हवा मिळाली तरच ज्वलन पुरते होते. आणि धुराच्या नळीत बसविलेला शुद्धीकारक, ज्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, तोही हे प्रमाण काटेकोर असेल तरच विषारी वायूंचा नीट समाचार घेतो. म्हणून आता धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर संगणकाला वर्दी देतो आणि संगणक क्षणोक्षणी पेट्रोलचे माप बदलतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेले भारत स्टेज ६ चे नियम जुन्या कार्बोरेटरच्या आवाक्यातले नव्हतेच. आपली मुलेबाळे ह्याच हवेत श्वास घेतात; तेव्हा ह्या प्रगतीस नाके मुरडण्याचे कारण नाही.

मग अडचण कोठे आहे? ती यंत्रात नसून यंत्राविषयीच्या माहितीत आहे. गाडीच्या तक्त्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्टिअरिंगखाली सोळा टोकांचे एक खोबण असते. त्यास उपकरण जोडले की संगणक एक अंक सांगतो. ह्या अंकालाच रोगाचे निदान समजणे, ही आजची मोठी फसगत आहे. समजा, संगणक म्हणाला की मिश्रणात पेट्रोल कमी पडते. ह्याचे कारण सेन्सर असेल, पेट्रोलचा पंप असेल, किंवा हवेची एखादी रबरी नळी तडकली असेल. नळी स्वस्त, सेन्सर महाग. विचार न करता सेन्सर बदलणारा कारागीर भाग विकतो. नळी शोधून काढणारा दुरुस्ती करतो. परंतु ह्या दुसऱ्याच्या हाती त्या गाडीची तांत्रिक पुस्तिका, योग्य उपकरण आणि अस्सल भाग नसतील, तर त्याची बुद्धी काय करील?

ही केवळ आमची तक्रार नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, पुस्तिका आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणी मिळू दिली जात नाहीत, असा त्या निर्णयाचा गाभा होता. दंडाची बाब पुढे अपिलांत गेली. परंतु प्रश्न सर्वांसमोर मांडला गेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली भरघोस कौल देऊन दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळण्याचा कायदा करविला. आपल्याकडे केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व संकेतस्थळ उघडले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. पण ग्राहकाने मागणी केल्यावाचून हक्क नुसता कागदावर राहतो. आपण शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" त्याच दमात "हिचे सुटे भाग बाजारात मिळतात का, आणि कंपनीबाहेर हिला कोण हात लावू शकतो?" हेही विचारू लागलो, तर पुष्कळ काम होईल.

आता ओळख करून घ्यावयाची म्हणजे मालकाने काय करावे? माणसाचे दुखणे हत्तीच्या पावलाने येते म्हणतात. मोटारीचे मुंगीच्या पावलाने येते, म्हणून ते आधी ओळखता येते. इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी लावून आठवड्यातून एकदा डिपस्टिक पाहावी. ऑइल किलोमीटरांवर बदलतात तसे महिन्यांवरही बदलावयाचे असते. गाडी उभीच होती ही सबब त्यास चालत नाही. टायरमधली हवा गाडी फार पळण्यापूर्वी, थंड टायरात मोजावी. ती किती हवी हे बहुधा चालकाच्या दाराच्या खांबावर लिहिलेले असते. रेडिएटर तापलेला असताना त्याचे झाकण कदापि उघडू नये. आणि ब्रेकचे ऑइल विसरू नये. ते हवेतली ओल शोषते. खंबाटकीसारखा घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ते उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पायाखालचा पेडल पोकळ होतो. दोनएक वर्षांनी ते बदलणे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे, ह्यावर घरची सारी माणसे सुखरूप पोचणे अवलंबून असते.

ह्याखेरीज दोन सवयी. एक, गाडीची वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे. तीन वर्षांत तीनदा तोच भाग बदलला असेल, तर वही ते सांगेल. दुसरी, बदललेला जुना भाग नेहमी परत मागून पाहावा. ह्यात अविश्वास नाही. चांगला मिस्त्री तो आनंदाने दाखवितो. झिजलेली ब्रेकची पट्टी हातात देऊन ती कशी झिजली हे समजावून सांगतो.

अशा मिस्त्र्याला जपा. बारा-चौदाव्या वर्षी पाना हाती घेऊन शिकलेली ही माणसे आज लॅपटॉप चालवावयास शिकत आहेत. त्यांना माहिती नाकारली गेली, तर आपल्या गावची दुरुस्तीची विद्या संपेल आणि शंभर रुपयांच्या नळीसाठी आपणांस गाडी जिल्ह्याच्या गावी ओढून न्यावी लागेल. तेव्हा उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी एकदा बॉनेट उघडून पाहावे, आणि जे कळले नाही ते ह्या मिस्त्र्याला विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.