खताचा खड्डा नव्हे, ढीग



लोहगडवाडीच्या पावसात खतासाठी खड्डा खणणे म्हणजे आषाढात डबके करणे होय. पाणी साचले की हवा कोंडते, कचरा कुजण्याऐवजी सडतो, दुर्गंधी सुटते आणि घरची मंडळी या उद्योगास कायमची विटतात. सर अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे सिद्ध करून १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीतही पावसाळ्यात जमिनीवर ढीग रचण्याचीच योजना आहे.

परसातील उंचवट्यावर, छपराखाली काटक्या अंथराव्यात. त्यांवर वीतभर पालापाचोळा, मग भाजीची देठे-साली, मूठभर राख व शेणकाला, असे थर कमरेइतके चढवावेत. उन्हाळ्यात पाणी शिंपडावे. भांडी विसळलेले चालते. ढीग दोन-तीनदा उलथल्यास फाल्गुनात रचलेले खत ज्येष्ठातील पेरणीस मिळते.

मावळात हाच पाला व शेण भाताच्या राबासाठी भाजण्याची जुनी वहिवाट आहे. तण मरते, हे खरे. परंतु पाल्यातील नत्र धुरावाटे जाते. एका वाफ्यात राब भाजावा, शेजारच्यात हे खत घालावे आणि दोहोंतील रोपे मुलांनी स्वतः मोजावीत. वडील मंडळींशी वाद घालण्यास मात्र त्यांस पाठवू नये.