पांढरी मुळी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



नववीत आपल्या जीवशास्त्राच्या बाईंनी भुईमुगाचं झाड मुळासकट उपटून वर्गात आणलं होतं, आठवतंय? मुळांवर बारीक गाठी होत्या. मी नीट न ऐकताच आकृतीखाली 'रोग' लिहून मोकळी झाले आणि बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. मला आज कॉम्प्युटरवर बोला म्हणाले होते, पण मी त्या लाल रेघेवरच बोलणार आहे.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझ्या डब्यातले मणे ज्यांनी पळवले, त्यांना ते सांगायला नको. काही वर्षांपूर्वी मी अण्णांसाठी फोनवर चालणारा एक प्रोग्राम लिहिला. माती परीक्षणाचे आकडे टाकायचे, ठिबकमधून कोणतं खत किती सोडायचं ते उत्तर येणार. माझ्या डोक्यात माती म्हणजे टाकी होती, कमी असेल ते भरा. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो, म्हणून प्रोग्राम दर वेळी स्फुरद जरा जास्तच सांगायचा. दोन हंगामांनंतर पानं बारीक झाली, शिरांच्या मधे पिवळी पडली. देठ परीक्षणात स्फुरद भरपूर, जस्त कमी. प्रोग्राम म्हणाला, जस्त द्या.

अण्णांनी फोन बाजूला ठेवला, ड्रिपरखालची माती उकरली आणि विचारलं, "पांढरी मुळी कुठंय?"

मग मी वाचायला बसले. मुळांभोवतीच्या मातीच्या पातळ थराला स्वतंत्र नाव दिलं ते लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने, १९०४ साली. वेल पानात तयार केलेली साखर आणि आम्लं मुळांवाटे त्या थरात सोडते आणि त्यावर जिवाणू, बुरशी पोसते. आपण ज्याला खत म्हणतो ते बरंचसं हीच मंडळी तिला मिळवून देतात. मायकोरायझा नावाची बुरशी मुळात शिरून राहते आणि मुळी पोचत नाही तिथून स्फुरद आणते, जस्तही आणते. मुळाला स्फुरदाची चणचण भासली की ते मातीत एक रसायन सोडतं. त्या हाकेने बुरशीचे धागे फुटतात, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे ज्वारीच्या मुळाची हीच हाक ऐकून टारफुल्याचं बीही उगवतं. पाहुण्यासाठी दार उघडावं आणि चोर आत यावा, तसं.

आणि स्फुरद आयता मिळाला की वेल हाक मारायचं थांबवते. साखर फुकट कोण वाटेल? म्हणजे मी दर आठवड्याला ठिबकमधून त्या बुरशीला निरोप पाठवत होते, की बाई, तुझं काम नाही. जस्त आणणारीला मीच घराबाहेर काढलं आणि मग जस्त कुठे गेलं म्हणून शोधत बसले.

आपल्याकडे वेल वरून थॉमसन असली तरी खाली खुंट असतो डॉगरिजचा, अमेरिकेतल्या जंगली द्राक्षाचा. तीच माती, तेच पाणी, पण खुंट बदलला की मुळाभोवतीची वस्तीही बदलते. हे कुठल्या रकान्यात टाकणार? २०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत, जिवंत गोष्टींचा एकही नाही. सेंद्रिय कर्ब त्यातल्या त्यात जवळचा. मी तोच रकाना प्रोग्राममध्ये घेतला नव्हता, त्याचं खत बाजारात बाटलीत मिळत नाही म्हणून.

आम्ही स्फुरद थांबवला, ओळींमध्ये ताग पेरून गाडला, शेणखत वाढवलं. पुढच्या वर्षी ड्रिपरखाली पांढरी मुळी दिसली. एका बागेवरून काही सिद्ध होत नाही, त्या वर्षी पाऊसही वेगळा होता, हे मान्य. पण अण्णांनी मला फोन करून बोलावलं, ते मुळी दाखवायला. प्रोग्राम अजून फोनमध्ये आहे. आता तो आधी विचारतो, "उकरून पाहिलं का?"

बाई, येताना तागाचं एक रोप उपटून आणलंय, चहाच्या टेबलाजवळ बादलीत ठेवलंय. गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी असेल तर ती काम करतेय. आकृती मी पुन्हा काढली आहे, या वेळी नावं बरोबर दिली आहेत. वही तपासायची राहिली आहे.