जुना रुपया हातोहात देता-घेताना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात राजापेठ, अमरावती येथे केलेले भाषण)



देवघरातील डब्यात किंवा आजीच्या पेटीत दोन-चार राणीछाप रुपये नाहीत असे घर आपल्या समाजात क्वचितच आढळेल. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते बाहेर निघतात, हळदकुंकू लागले की पुन्हा फडक्यात बांधले जातात. अलीकडे मात्र ते अन्य कारणानेही बाहेर निघू लागले आहेत. २०२५ साली चांदीचा भाव किलोस लाख रुपयांच्या पुढे गेला, आणि ओळखीच्या माणसास जुने रुपये विकल्याच्या, ओळखीच्या माणसाकडून घेतल्याच्या गोष्टी आमच्या कानी वारंवार येऊ लागल्या. हा व्यवहार सराफाच्या पेढीवर होत नाही. तो ओसरीवर होतो, लग्नाच्या मांडवात होतो, चहा घेता घेता होतो. त्यास पावती नसते, साक्षीदार नसतो, आणि बहुधा तराजूही नसतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, आपापसातील व्यवहारात नात्याचा भरवसा अवश्य असावा. परंतु नात्याच्या भरवशावर वजन सोडू नये. कारण या व्यवहारात दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही एक पक्ष बुडू शकतो. ते कसे, हे समजावयास रुपयाची पूर्वपीठिका थोडी पाहिली पाहिजे.

पूर्वी आपल्या वऱ्हाडात रुपया एक नव्हता. नागपूरकर भोसल्यांचा रुपया निराळा, निजामाचा हाली शिक्का निराळा. प्रत्येकाचा कस वेगळा असल्याने सराफ त्यावर बट्टा कापीत असे. १८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हा रुपया इतका नेमका असे की तोच वजन म्हणून तराजूत पडू लागला, आणि ‘रुपयाभार’ हा शब्द आपल्या घराघरात रुजला. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेस मिळेना, तेव्हा आपल्या कापसास कधी नव्हे तो भाव आला आणि हा कलदार रुपया गाड्या भरून खेड्यापाड्यात गेला. आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यातील माळांचा उगम पुष्कळ अंशी त्या कापसात आहे.

त्या काळी रुपयाचे मोल व रुपयातील चांदीचे मोल यांत विशेष अंतर नव्हते. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. १८९३ साली ही मुभा बंद झाली व दोन्ही मोले वेगळी झाली. आज तर जुन्या रुपयास तीन मोले आहेत. पहिले दर्शनी मोल. ते आता शून्य समजावे, कारण १९४० नंतर सरकारने हे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. दुसरे धातूचे मोल. तिसरे संग्राहकाचे मोल. या तिहींची गल्लत झाली की फसगत झालीच.

धातूच्या मोलाचा हिशेब सोपा आहे. न झिजलेल्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. सोयीसाठी किलोस एक लाख रुपये भाव धरला, तर एका रुपयातील चांदी १,०६९ रुपयांची होते. समजा, एखाद्या भगिनीने मुलाच्या फीसाठी वीस राणीछाप रुपये शेजाऱ्यास दिले आणि त्याने ‘पाचशे रुपये नग’ या ऐकीव दराने दहा हजार दिले. चांदी २१,३८० रुपयांची होती; बाईंचे ११,३८० रुपये गेले. आता याच्या उलट पाहा. समजा, ते वीस रुपये १९४२ सालचे होते आणि घेणाऱ्याने हजार रुपये नग याप्रमाणे वीस हजार मोजले. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई पडल्यामुळे १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली होती. अशा रुपयात चांदी ५.८३ ग्रॅम, म्हणजे वीस नगांत ११,६६० रुपयांची. येथे घेणारा ८,३४० रुपयांनी बुडाला. दोन्ही प्रसंगी खोटे कोणीच बोलले नाही. केवळ कोणी साल वाचले नाही आणि कोणी वजन केले नाही.

म्हणून पहिला नियम असा की साल वाचावे. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड व पाचवा जॉर्ज यांचे रुपये उंची चांदीचे. सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ या सालांचे रुपये निम्म्या चांदीचे. १९४७ चा वाघछाप रुपया निव्वळ निकेलचा. त्यात चांदी नावालाही नाही आणि तो लोहचुंबकास चिकटतो. निजामाच्या चारमिनारछाप रुपयातही चांदी कलदारापेक्षा कमी असते, त्याचा हिशेब निराळा करावा.

दुसरा नियम, रुपये मोजून नव्हे तर तोलून घ्यावेत. शंभर वर्षे हाताळलेला रुपया झिजतो. झिजलेल्या उंची रुपयाचे वजन ११.४ ग्रॅम भरले तर त्यातील चांदी १०.४५ ग्रॅम धरावी. माळेतील रुपयास डाख लावून कडी बसविलेली असते. त्या कडीचे व दोऱ्याचे वजन चांदीत धरू नये.

तिसरा नियम खऱ्या-खोट्याचा. रुपया दगडावर वाजवून पाहण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, परंतु पुरेशी नाही. शाळेत आर्किमिडीजचा सिद्धांत आपण सर्वांनीच घोकला आहे. तो येथे उपयोगी पडतो. बारीक काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा आणि रुपया दोऱ्याने असा सोडावा की तो पूर्ण बुडेल, पण तळास व कडेस लागणार नाही. अस्सल उंची रुपया असेल तर काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. वजन बरोबर असूनही हा आकडा त्याहून बराच अधिक आला, तर धातू हलका आहे असे समजून सराफाकडे जावे.

आता संग्राहकाच्या मोलाविषयी. जुने तितके दुर्मिळ, ही समजूत चुकीची आहे. १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंतच्या रुपयांवर तसेच घालण्यात येत असे, म्हणून त्या सालाचे रुपये विपुल आहेत. १९१८ साली अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानास चांदी पुरविली, त्यामुळे त्या सुमाराचे रुपयेही विपुल आहेत. उलट १९११ चा रुपया संग्राहक शोधीत असतात. त्यावर राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, बहुतेक नाणी परत वितळविण्यात आली आणि १९१२ मध्ये चित्र बदलले. १९३९ चा रुपया तर फारच विरळा. म्हणूनच त्याची नक्कल होण्याचा संभव मोठा. संग्राहक नाण्याच्या अंगची जुनी झळाळी पाहतो. तेव्हा दिवाळीत चिंच व राख लावून रुपये घासण्याची हौस आवरावी.

लबाडीचे प्रकारही सांगितले पाहिजेत. ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे कोरलेली रामपंचायतनाची किंवा हनुमंताची नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. तांदूळ ओढून घेणारे चमत्कारी नाणे ही शुद्ध भूलथाप आहे. पाया खणताना हंडा सापडला असे सांगून एक खरा रुपया पारखावयास देणारा मनुष्य पुढे थैली मात्र खोट्या नाण्यांची देतो. आणि खरोखरच जमिनीत धन सापडले व त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरास लेखी कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याने शंभर वर्षांचे नाणे पुरावस्तू ठरते. तिची विक्री धंदा म्हणून करण्यास परवाना लागतो आणि ती खाजगी रीतीने परदेशी धाडता येत नाही. तरुण मंडळी मोबाईलवर नाण्याचे चित्र टाकतात. मग ‘लाखोंस घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा निरोप येतो, कधी खुद्द रिझर्व्ह बँकेच्या नावानेही येतो. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धपणे बजाविले आहे की ती असा व्यवहार करीत नाही व त्यासाठी शुल्क अगर कमिशन मागत नाही. जो घेणारा आधी आपल्याकडूनच पैसे मागतो तो घेणारा नव्हे, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. माळेतील रुपये हे बहुधा स्त्रीधन असते. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील संपत्ती पूर्णपणे तिची झाली आहे. तेव्हा आईच्या किंवा पत्नीच्या पेटीतील रुपये तिला न विचारता विकणे हे घरातील व्यवहारचातुर्य नव्हे, ते परधन विकणे होय. घेणाऱ्यानेही ‘घरातील बाईंची संमती आहे काय?’ असे विचारण्यास संकोच करू नये. तसेच गरजेपोटी विकणारी व्यक्ती भाव पाडून मागत नाही. मिळेल ते घेते. तिच्या गरजेवर नफा काढणे ज्ञातिधर्मास शोभत नाही.

यास्तव आमची मंडळास विनंती आहे की कार्यालयात एक बारीक काटा व एक वही ठेवावी. रुपये देणाऱ्या-घेणाऱ्यांनी तेथे यावे. वहीत नाण्यांची संख्या, साले, वजन, त्या दिवशीचा भाव व ठरलेली रक्कम लिहावी आणि दोघांनी व दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. वहीची एक-एक नक्कल दोघांनी आपापल्या घरी न्यावी. यात अविश्वास नाही. पुढे दहा वर्षांनी मुलांमुलांत तंटा होऊ नये व दोन घरांचे येणे-जाणे तुटू नये, एवढ्यासाठीच ही तजवीज. काट्याचा खर्च मंडळास जड नाही. तो ठराव याच संमेलनात व्हावा अशी आग्रहाची सूचना मांडून आम्ही आपली रजा घेतो.